खातेवहीतली गावं नकाशात सापडत नाहीत, तेव्हा

प्रश्न विचारणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं: यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत बियाणं, खत आणि औषधांचं घाऊक वितरण आहे. वणी, मारेगाव, झरी जामणी, केळापूर आणि राळेगाव या पाच तालुक्यांतल्या साडेतीनशेच्या आसपास कृषी केंद्रांना माल जातो. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून तीन वर्षांची बिलं एक्सेलमध्ये काढली, गावांच्या सीमांची शेपफाईल (नकाशाची फाईल) मिळवली आणि क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये गावाच्या नावावर जॉईन केलं, म्हणजे बिलं गावांना जोडली. निम्मी गावं कोरी राहिली. जी रंगली त्यांची बेरीज वर्षाच्या विक्रीच्या आसपासही येत नाही. फाईल खराब आहे की माझंच काही चुकतंय?

फाईल बरी असावी. तुमच्या दोन तक्रारींची कारणं मात्र वेगवेगळी आहेत, म्हणून आधी सोपी उरकतो.

बेरीज का येत नाही? क्यूजीआयएसमध्ये लेयरच्या (नकाशातल्या थराच्या) प्रॉपर्टीजमधून जॉईन केलं की एका गावासमोर जुळणाऱ्या ओळींपैकी एकच तेवढी चिकटते. मुकुटबनच्या नावावर दोनशे बिलं असली तरी नकाशात एकाच बिलाची रक्कम येणार, आणि सॉफ्टवेअर त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. तेव्हा आधी एक्सेलमध्ये पिव्होट करून गावागणिक एक ओळ करा, मग जॉईन. पुढे कधी पोस्टजीआयएस या डेटाबेसवर गेलात तर तिथे चूक उलट्या बाजूने होते. तिथे ओळी वाढतात. आणि दोन्हीकडे, एखाद्या मौजाचे (महसुली गावाचे) जमिनीचे दोन तुकडे असले आणि फाईलमध्ये एकाच कोडच्या दोन ओळी असल्या, तर त्या गावाची विक्री दुप्पट होते. म्हणून काहीही केलं तरी शेवटी नकाशातली बेरीज आणि खातेवहीतली बेरीज समोरासमोर मांडायची, रोज संध्याकाळी रोकडीचा मेळ घालतात तशी. मेळ बसला नाही तर नकाशा कुणाला दाखवायचा नाही. जी रक्कम कुठल्याच गावात बसली नाही, ती 'गाव न लागलेली विक्री' म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात लिहायची. लपवायची नाही.

तुमच्या बेरजेत आणखी एक मोठं भगदाड असणार. वणी आणि पांढरकवडा ही 2011 च्या जनगणनेत शहरं होती. गावांच्या सीमांच्या बऱ्याच फाईलींमध्ये शहरं नसतात, ती वेगळ्या लेयरमध्ये असतात. जनगणनेत शहरांचा कोडही सहा अंकीच असतो, पण तो 8 ने सुरू होतो, त्यावरून ओळखा. तुमची सगळ्यात मोठी गिऱ्हाइकं बाजारपेठेच्या गावांतच असणार आणि नेमकी तीच गळाली असणार. राळेगाव, मारेगाव आणि झरी जामणीची गंमत आणखी वेगळी. 2011 मध्ये ही ग्रामपंचायतींची गावं होती, नंतर त्यांच्या नगरपंचायती झाल्या. जुन्या फाईलीत ती गावांत सापडतील, नव्या यादीत शहरी संस्थांत. दोन वेगवेगळ्या वर्षांच्या फाईली एकत्र केल्यात, तर ती एकतर दोनदा येतील नाहीतर एकदाही नाही.

आता नावांकडे वळू. खरं दुखणं तिथेच आहे.

नावावर जुळवायला गेलं की पहिला सल्ला मिळतो तो फझी मॅचिंगचा: अक्षरं मिळतीजुळती असली की जोडून टाका. आपल्या भागात हा सल्ला घातक आहे. हिवरी आणि हिवरा यांत एका मात्रेचा फरक, पण हिवरी यवतमाळ तालुक्यात आणि हिवरा संगम तिकडे महागाव तालुक्यात. सॉफ्टवेअर नव्वद टक्के जुळतंय म्हणून आनंदाने जोडून देईल. उलट तुमच्या बिलांत तालुका 'पांढरकवडा' लिहिलाय आणि शेपफाईलीत 'केळापूर'. एक अक्षर जुळत नाही, पण तालुका तोच! तालुक्याचं नाव केळापूर, कचेरी पांढरकवड्याला, आणि केळापूर नावाचं जगदंबेचं गाव शेजारी वेगळंच. तुमच्या कोऱ्या गावांत एका तालुक्याची गावं घाऊक दिसत असतील, तर कारण बहुधा हेच. अक्षरांचं अंतर आणि गावांचं अंतर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे भिंतीवर लिहून ठेवा. फझी मॅचिंग मीही वापरतो, पण फक्त एका तालुक्याच्या आत, आणि फक्त सुचवण्यासाठी. जोडायचं की नाही ते माणूस ठरवतो.

तालुक्याबाहेर गेलात की गोंधळ वाढतो. कारंजा वर्धा जिल्ह्यात (घाडग्यांचं) आणि कारंजा वाशीम जिल्ह्यात (लाडांचं), दोन्ही तालुक्याची ठिकाणं. अमरावती जिल्ह्यात चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार. आष्टी वर्ध्यात, आष्टी बीडमध्ये, आणि गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यातही एक आष्टी. त्यात खुर्द-बुद्रुक आहेतच. बिल करणारा पोरगा 'खु.' लिहितो, कधी 'खुर्द', कधी काहीच नाही. रीठ गावं तर आणखी वेगळी. महसुलात मौजा आहे, नकाशात सीमा आहे, पण वस्ती उठून कित्येक पिढ्या झाल्या. ती गावं कोरी राहणं बरोबरच आहे. त्यांच्यामागे दिवस घालवू नका.

आणि मग पोडं, म्हणजे कोलामांच्या वस्त्या. झरी जामणी, मारेगाव, केळापूर हा कोलामांचा मुलूख. पोडाला स्वतःचं नाव असतं, दुकानदार पत्त्यात तेच सांगतो, पण बहुतेक पोडं महसुली गाव नसतात. ती कुठल्या तरी मौजात मोडतात. पुसद-दिग्रसकडे तांड्यांचं तेच, भंडारा-गोंदियाकडे टोल्यांचं तेच. ही नावं कुठल्याही सीमांच्या फाईलीत सापडणार नाहीत आणि कुठलंही सॉफ्टवेअर ती शोधून देणार नाही.

देवनागरीचा म्हणून एक वेगळा त्रास आहे. 'वऱ्हाड'मधला ऱ तीन तऱ्हांनी टाईप होतो: एक अक्षर म्हणून, र खाली नुक्ता देऊन, किंवा र ला हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर तिन्ही सारखे, संगणकाला तीन वेगळी. युनिकोडचं एनएफसी रूप (अक्षर साठवायची एकच ठरलेली तऱ्हा) करून घेतलं की पहिले दोन एक होतात. तिसरा हाताने बदलावा लागतो. शेवटी राहिलेली मोकळी जागा, 'गाव' आणि 'गांव', आणि जुन्या फॉन्टातून आलेला मजकूर हे सगळं जॉईनच्या आधी साफ करा. शेपफाईल उघडल्यावर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर लेयरचं एन्कोडिंग (अक्षरं वाचायची पद्धत) यूटीएफ-8 करून बघा. जमलं तर शेपफाईल सोडूनच द्या आणि जिओपॅकेज हा फाईलीचा दुसरा प्रकार वापरा. शेपफाईलीत रकान्याचं नाव दहा अक्षरांच्या वर जात नाही, त्यामुळे 'एकूण विक्री'चे तीन रकाने कापले जाऊन एकसारखे दिसतात आणि कुठलं कुठल्या वर्षाचं ते सहा महिन्यांनी तुम्हालाच कळत नाही.

तर नाव सोडा, कोड धरा. 2011 च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी कोड आहे, देशभरात एकमेव. पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत, म्हणजे एलजीडीत, गावासमोर जनगणनेचा कोडही दिलेला असतो, त्यामुळे दोन्हींमध्ये ये-जा करता येते. पण रकान्यावर कुठला कोड आहे ते स्पष्ट लिहा. जनगणनेत जिल्हा 500 म्हणजे बुलडाणा, एलजीडीत 500 म्हणजे यवतमाळ. जनगणनेतला यवतमाळ 510. 'जिल्हा कोड' एवढंच लिहून ठेवलेला रकाना मी एकदा विश्वासाने वापरला आणि राळेगावचा कापूस खामगावकडे नेऊन टाकला. तालुक्याचा जनगणना कोड पाच अंकी आणि शून्याने सुरू होणारा असतो. एक्सेल तो शून्य गिळून टाकतो आणि मग जॉईन होत नाही. कोडचे सगळे रकाने टेक्स्ट म्हणून ठेवा, दोन्ही बाजूंना. एका बाजूला आकडा आणि दुसऱ्या बाजूला टेक्स्ट असला तरी तेच रडगाणं.

पिनकोड का नको, असं कुणीतरी विचारेलच. 445 ने सुरू होणारे पिन यवतमाळ जिल्ह्याचे, एवढ्यापुरते ते कामाचे. त्यापुढे पिन म्हणजे टपालाच्या वाटपाची सोय. ती तालुक्याची शीव पाळत नाही. जीएसटी क्रमांकही तसाच. पहिले दोन अंक 27 म्हणजे महाराष्ट्र, पण एका मालकाच्या तीन गावांतल्या तीन दुकानांचा क्रमांक एकच असू शकतो आणि पत्ता मुख्य दुकानाचा. दुकान ओळखायला खतविक्रीच्या पॉस मशीनचा आयडी किंवा परवान्याचा क्रमांक बरा. दुकानाचं नाव तर ओळख म्हणून धरूच नका. अर्ध्या जिल्ह्यात बळीराजा आणि उरलेल्या अर्ध्यात साईकृपा.

आता तुमच्या बिलांत तर कोड नाही, नावच आहे. मधे एक जोडयादी करावी लागते. हे काम कुणालाच आवडत नाही, आणि बाकी सगळं त्याच्यावरच उभं राहतं. रकाने चार-पाचच: बिलात जसं लिहिलंय तसं नाव (न सुधारता), बिलातला तालुका, जनगणनेचा कोड, कुणी ठरवलं, कधी. बिलातली नावं मूळ ठिकाणी जाऊन सुधारू नका, हिशेबनीस अंगावर येईल आणि त्याचं बरोबर असेल. 'मुकूटबन', 'मुकुटबन', 'मुकुटबण' या तीन ओळी जोडयादीत राहू द्या, तिन्हींसमोर एकच कोड.

ही यादी कुणी भरायची? संगणकवाल्याने नाही. काही वर्षांपूर्वी हिंगणघाटच्या एका कापूस व्यापाऱ्याकडे हे काम करत होतो. जुळवाजुळव करून साठ-सत्तर नावं उरली. ती कागदावर छापली आणि म्हाताऱ्या मुनीमजींसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्याच नावाला विचारलं, "बोरी? भाडं किती लिहिलंय?" मी म्हटलं, "काकाजी, भाड्याचं काय करता?" ते म्हणाले, "अरे, पाटणबोरीची गाडी आहे का बोरी अरबची, ते भाड्यावरूनच समजते नं. अरबची बोरी दारव्ह्याकडे. एवढ्या भाड्यात तिकडून कोण येणार?" तासाभरात यादी संपली. तीन नावं त्यांनाही लागली नाहीत, त्यांतली दोन गावं नव्हतीच. दलालांची आडनावं होती.

तेव्हापासून मी बिलांचा एक्सेल मागताना भाड्याचा रकाना, सेल्समनचा रूट आणि गाडी जाण्याचा वार हे सगळं मागतो. तुमच्याकडेही मंगळवारच्या रूटवरचं 'वडगाव' आणि शुक्रवारच्या रूटवरचं 'वडगाव' ही दोन गावं निघतील. गाव कुठलं हे नावापेक्षा ज्या गाडीत माल गेला ती जास्त नेमकं सांगते.

जोडयादी झाली की लगेच नकाशा रंगवायचा मोह होतो, पण जरा थांबा. तुमचं बिल दुकानदाराच्या नावावर आहे. माल मुकुटबनच्या दुकानात उतरला म्हणजे तो मुकुटबनच्या शिवारात पडला असं नाही. कास्तकार बाजाराच्या दिवशी येतो आणि आसपासच्या पंधरा-वीस गावांत पिशव्या जातात. तुमचा नकाशा दाखवेल की दहा-बारा गावं गडद आणि बाकी तालुका पांढरा. कुणीतरी त्यावरून 'पांढऱ्या भागात आपली विक्री नाही' असा निष्कर्ष काढून तिकडे माणूस पाठवेल आणि तो माणूस तुमचेच डबे शेतकऱ्यांच्या घरात बघून परत येईल. हे मी होताना पाहिलंय, म्हणून सांगतो.

गावांच्या पेरणीक्षेत्राच्या प्रमाणात विक्री वाटून देता येते. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावनिहाय निव्वळ पेरणीक्षेत्र आहे. पण ते 2011 चं, आणि वाटप म्हणजे शेवटी अंदाज. नकाशावर तो आकडा खऱ्या विक्रीसारखाच दिसतो, ते मला पटत नाही. मी दुसरं करतो. सेल्समनकडून प्रत्येक दुकानासमोर लिहून घेतो: इथे कुठकुठल्या गावांचे लोक येतात. त्या गावांचे कोड टाकायचे आणि प्रत्येक गावाला आपली किती दुकानं पोचतात ते मोजायचं. गाव एक, दुकानं तीन, चालतंय. मग जी गावं एकाही दुकानाच्या यादीत नाहीत, ती लाल. वितरकाला उपयोगाचा नकाशा हा. विक्रीचा आकडा दुकानाच्या जागी गोल काढून दाखवा. रक्कम जास्त तर गोल मोठा. गावाचं अख्खं क्षेत्र रंगवलं की जंगलाची मोठी गावं उगाच डोळ्यांत भरतात. मेळघाटात आणि गडचिरोलीत तर नकाशा नुसत्या जंगलाचाच होतो.

त्या गोलांसाठी दुकानाचं जीपीएस लागेल. मोबाईलवर उघड्या आभाळाखाली पाच-दहा मीटरची चूक असते, तेवढी चालते. टिनाच्या शेडखाली जास्त येते, म्हणून दुकानाच्या बाहेर उभं राहून घ्यायला सांगा. आणि दुकानावरच घ्यायला सांगा. एकदा एकवीस दुकानं पुसदच्या एकाच लॉजवर निघाली होती, कारण साहेबांनी दिवसभराचे फॉर्म रात्री खोलीत बसून भरले. आलेल्या आकड्यांवर साधी चाळणी लावा: विदर्भात अक्षांश साधारण 18.5 ते 22 च्या आत आणि रेखांश 75 ते 81 च्या आत. उलट आलं तर रकाने उलटलेत.

बिंदू कुठल्या गावात पडतो ते सॉफ्टवेअर काढून देतं, पण त्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. गावांच्या सीमा जुन्या कागदी नकाशांवरून आल्यात, त्या इकडेतिकडे सरकलेल्या असतात. गावठाणातल्या दुकानाला फरक पडत नाही. फाट्यावरच्या दुकानाला पडतो. फाट्याला नाव एका गावाचं असतं आणि दुकान उभं असतं दुसऱ्याच्या शिवारात. मी दोन्ही कोड ठेवतो: एक बिंदूवरून आलेला, एक दुकानदार सांगतो तो. दोन्ही वेगळे असतील ती दुकानं वेगळी काढून एकदा डोळ्यांखालून घालायची. बहुतेक फाटेच निघतात, आणि मधूनच एखादा खरा घोळ. सीमाच तुटक्या असल्याने सॉफ्टवेअर अडलं, तर आधी क्यूजीआयएसमधलं 'फिक्स जिऑमेट्रीज' हे साधन चालवा.

अंतर किंवा क्षेत्रफळ मोजायचं असेल तर प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, लागेल. तुमचे पाचही तालुके यूटीएम या पद्धतीच्या झोन 44 मध्ये येतात, सॉफ्टवेअरमधला क्रमांक ईपीएसजी 32644. पण 78 रेखांश यवतमाळ शहराच्या थोडा पश्चिमेकडून जातो आणि तिथून पलीकडे 43 सुरू होतो. दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड सगळे तिकडे. उद्या तिकडे धंदा वाढवलात तर अर्धा जिल्हा एका झोनमध्ये आणि अर्धा दुसऱ्यात. तेव्हा क्षेत्रफळ यूटीएमवर न काढता थेट पृथ्वीच्या गोलावर काढा. क्यूजीआयएसमध्ये प्रोजेक्टचा एलिप्सॉइड (पृथ्वीचा आकार) लावलेला असेल तर डॉलर-एरिया ($area) हे सूत्र ते करतं.

उधारीचा नकाशा करायचा विचार असेलच, सगळ्यांच्या मनात असतो. स्वतःपुरता करा. सेल्समनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ज्या गावात तुमचे दोनच खातेदार आहेत, तिथे गावाचा रंग म्हणजे त्या माणसांची नावंच. आपल्या भागात थकबाकी ही कशी गोष्ट आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. मी पाचपेक्षा कमी खाती असलेली गावं अशा नकाशात रंगवतच नाही. शेतकऱ्यांची नावं, मोबाईल, आधार हे तर नकाशाच्या फाईलीत यायलाच नको.

नवी जनगणना होऊ घातली आहे, तिची संदर्भ तारीख 1 मार्च 2027. नव्या याद्यांत गावं फुटतील, काही नगरपंचायतींत जातील. तेव्हा जोडयादीत 2011 च्या कोडशेजारी आत्ताच एक रिकामा रकाना ठेवा, जुना पुसून त्यावर नवा लिहू नका. तुमची तीन वर्षांची बिलं जुन्याच गावांत बसलेली आहेत.

पाचही तालुके एकदम घेऊ नका. झरी जामणी घ्या. तालुका लहान आहे, पण पोडं, फाटे, नगरपंचायत आणि पलीकडे तेलंगण, असं सगळं तिथे एकाच ठिकाणी भेटतं. बिलांत आलेली तिथली वेगवेगळी नावं काढा, छापा, आणि त्या रूटच्या गाडीवर जो ड्रायव्हर सगळ्यात जुना आहे त्याला चहा पाजून समोर बसवा. पोडांची नावं विचारताना कुठल्या मौजात येतं ते विचारू नका, ते त्याला माहीत नसेल; मतदानाला कुठल्या गावात जातात ते विचारा. ते उत्तर पक्कं धरू नका, एका ग्रामपंचायतीत दोन-तीन मौजे असतात. पण त्यावरून तलाठ्याला विचारायची यादी दहा-बारा नावांवर येईल.